फेरफार केलेली गाडी

शोरूमवाला गाडीभोवती तिसरी फेरी मारायला लागला तेव्हाच लेथवालीनं ओळखलं, की हा माणूस गाडी बघत नाहीये, वजाबाकी करतोय. हातात छापील कागद, कानावर पेन्सिल. दर चार पावलांवर थांबायचं, वाकायचं, ओठ आत ओढायचे आणि कागदावर काहीतरी खरडायचं. जुन्या स्पोर्ट्स कार विकण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शहरात कुणी नाही असं म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत तो स्वतः सगळ्यांत पुढे असे.

गाडी वर्कशॉपच्या दारात उभी होती. दोन दारांची, बुटकी, गडद हिरवी. बारा वर्षांपूर्वी लेथवालीनं ती इंजिन जाम झालेल्या अवस्थेत उचलून आणली होती आणि त्यानंतरची बहुतेक प्रत्येक सुट्टी तिच्याखाली पाठ टेकून घालवली होती. लेथवाली हे गल्लीनं ठेवलेलं नाव. खरं नाव वीजबिलावर छापून यायचं, तेवढाच त्याचा उपयोग. बावीस वर्षं ती त्या तळमजल्यावर एकटीनं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवत होती, आणि वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत होत्या.

गाडी विकायचं कारण आतच उभं होतं. लेथचा बेड, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकतं तो लोखंडी पाट, झिजला होता. जॉबचं, म्हणजे कातायच्या तुकड्याचं माप, तो पकडून फिरवणाऱ्या चकाजवळ एक यायचं आणि दुसऱ्या टोकाला वेगळंच. दोन महिन्यांत तीन कामं परत आली. तिसऱ्या वेळी पंपवाल्यानं, म्हणजे तिच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकानं, परतीचा डबा टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. दुसरा लेथ आला नाही तर वर्ष सरायच्या आत शटर कायमचं खाली ओढावं लागणार, हे तिला दिसत होतं. आणि लेथ येईल एवढ्या किमतीची एकच वस्तू तिच्याकडे होती.

"खाली केलीय गाडी," शोरूमवाला म्हणाला.

"दोन बोटं. वळणावर अंग टाकायची आधी."

"स्प्रिंगा बदलल्या. बुश बदलले. गिअरचा दांडा आखूड केला. सीट वेगळं, सायलेन्सर वेगळा." शब्दागणिक पेन्सिल चालली. "कुठून करून घेतलं हे सगळं?"

"करून घेतलं नाही. केलं. ह्या हातांनी."

त्यानं आतल्या लेथकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि जे काय ठरवायचं ते तेवढ्यात ठरवून टाकलं. "बिलं असतील ना?"

"घरच्या गाडीचं बिल कोण फाडतं हो?"

कुणीच फाडत नाही. गल्लीतल्या कुठल्याही कारागिराला विचारा. परक्याच्या एका स्क्रूचं बिल होईल, पण स्वतःसाठी महिनाभर घासून केलेल्या वस्तूचा कागदावर मागमूस नसतो. लेथवालीनंही बारा वर्षं तेच केलं होतं, आणि आता त्या चुकीचा हिशेब एक परका माणूस पेन्सिलीनं मांडत होता. त्यानं कागद तिच्यापुढे धरला. अशीच गाडी जशी कारखान्यातून आली तशी असती तर जी किंमत आली असती, तिच्या पाऊणपटीलाही हा आकडा पोचत नव्हता.

"गाडी उत्तम आहे, ताई. माझा शब्द आहे," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला काय दिसतं? कुणीतरी आत हात घातलाय, एवढंच. कंपनीनं केलं ते काम. बाकी सगळी लुडबुड."

लेथवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आतून तो झिजलेला बेड तिच्याकडे बघत होता.

"एक मार्ग आहे," असं म्हणून त्यानं खिशातून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली. आत मऊ कापडावर चकचकीत पट्टी, तिच्यावर एका कंपनीचं नाव आणि खाली नंबर. शर्यतीच्या गाड्यांची कामं करणारी ही कंपनी धंद्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. "ह्यांचं काम असलं ना, की भाव उतरत नाही, उलट चढतो. तोच दांडा, तेच बुश. दोन रिव्हेट मारायचे आणि ही पट्टी बसवायची. बिलाची सोय मी करतो, तारखा जुन्या घालून. तुम्ही फक्त लिहून द्यायचं, की काम तिथून करून घेतलं."

लेथवालीनं पट्टी उचलली, उजेडात धरली आणि मोठ्यानं हसली. शोरूमवाला दचकलाच.

"ही पट्टी ज्या दांड्यावर बसते, तो दांडा कोण बनवायचं माहितेय तुम्हाला?"

"कोण?"

"मी. अकरा वर्षं. पन्नास-पन्नासची खोकी भरून टेम्पो जायचा इथून. पट्ट्या तिकडे लागायच्या."

आता ह्यावर एखादा वरमला असता. शोरूमवाल्याचा चेहरा मात्र खुलला. "मग मिटलाच की प्रश्न! ह्यात खोटं ते काय राहिलं?"

खरं सांगायचं तर तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि हीच पंचाईत होती. तेच हात, तोच लेथ, तेच माप. पट्टी लावली तर दुसरा लेथ, तोही कोरा करकरीत, पुढच्या महिन्यात आत उभा राहिला असता. लेथवालीला त्याचा रंगसुद्धा दिसला. पंपवाला दारात येऊन खाकरतोय, हेही दिसलं. तिनं पट्टी अंगठ्यानं दोनदा पुसली. मग डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"त्या कामाची मी मजुरी घेतली, म्हणून नाव त्यांचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोट भरलं माझं त्यावर. ही गाडी मी माझ्यासाठी केली. हिच्यावर दुसऱ्याचं नाव लागणार नाही."

"नावानं लेथ येत नाही, ताई."

"नाही आला तर नाही आला."

 मग त्यानं पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. "ठीक आहे. मग दुसरं करा. सगळं काढा आणि गाडी मूळ होती तशी करून आणा. पूर्ण भाव देतो. जुने पार्ट आहेत का?"

"आहेत."

असतातच. काढलेला पार्ट फेकून देणारा कारागीर अजून जन्माला यायचाय. अडचण एवढीच होती, की बारा वर्षांत ते पार्ट घरात विरघळून गेले होते. दोन स्प्रिंगा वर्कशॉपमधल्या स्टुलाचे पाय झाल्या होत्या आणि उरलेल्या दोन पाण्याच्या टाकीखाली होत्या. जुना सायलेन्सर गच्चीचं पाणी खाली सोडत होता, आणि मोठ्या इमानानं सोडत होता. गाडीचं मूळ सीट वरच्या खोलीत खिडकीपाशी लाकडी चौकटीवर बसवलेलं होतं, आणि त्यावर आई होती.

"माझी खुर्ची गाडीची कधी झाली?" आईनं विचारलं.

"आई, ती गाडीचीच आहे. तुला बसायला दिली होती."

"बारा वर्षं बसले तेव्हा कुठली गाडी आली नाही मागायला."

"आता आलीय."

आई उठली, पण सहजासहजी नाही. आधी तिनं खुर्चीच्या हातावरची भेग कशी पडली ते सांगितलं, मग गुडघ्यांबद्दल सांगितलं, मग ज्या माणसाला ही खुर्ची विकायची त्याच्या सात पिढ्यांबद्दल थोडं बोलली. लेथवालीनं गाडीत स्वतः बसवलेलं सीट काढून वर आणलं. दोन्ही बाजूंनी वर आलेलं, खोल, कंबर धरून ठेवणारं. आई त्यात बसली आणि पार आत गेली.

"ह्यात माणूस बसतो की भरतात?"

"होईल सवय."

"तुला झाली का?" आईचा आवाज जरा बदलला. "एवढं सगळं हौसेनं केलंस. आता कुणासाठी उलटं करतेयस?"

"लेथसाठी."

 आईला लेथचा आवाज वरच्या खोलीत ऐकू यायचा, आणि गेले काही महिने तो कसा येतोय हे तिला लेकीच्या आधी कळलं होतं.

तीन दिवस लागले. केलेलं काम आपल्याच हातानं सोडवायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. एकेक बुश, सांध्यातली ती गोल कडी, बाहेर येताना लेथवालीला तो कुठल्या वर्षीचा ते आठवत होतं. एक दोनदा बिघडून तिसऱ्यांदा जमला होता. एक आई दवाखान्यात असताना केला होता, रिकाम्या घरात बसवेना म्हणून. गिअरचा दांडा काढला तेव्हा तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून तिचा तिलाच इतका राग आला, की पाना भिंतीवर जाऊन आदळला. मग तिनं सगळे पार्ट रॉकेलनं धुतले, तेल लावलं आणि फळीवर ओळीनं मांडून ठेवले. गच्चीवर सायलेन्सरच्या जागी साधा पाइप लावला. स्टूल मात्र मोडलं ते मोडलंच.

चौथ्या दिवशी गाडी फिरवून बघितली. पहिल्याच वळणावर गाडीनं पूर्वीसारखं अंग टाकलं. कारखान्यातून आली होती तशी ती झाली होती, आणि लेथवालीला ती तेव्हाही आवडली नव्हती.

शोरूममध्ये गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. दातांचा डॉक्टर. नीटनेटका, हळू बोलणारा, नखंसुद्धा घासून पुसून ठेवल्यासारखी. गाडी त्याला आवडली होती. किंमत ठरली होती, पूर्ण. शोरूमवाल्यानं विक्रीचा अर्ज लेथवालीपुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गाडीत कधीही फेरफार करण्यात आले आहेत काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

"नाहीवर खूण करा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता काही उरलंच नाहीये ना."

"इथं 'कधीही' असं लिहिलंय."

"असतं तसं लिहिलेलं. छापील आहे."

लेथवालीनं पेन उचललं. नाहीवर खूण केली असती तर जगात कुणाचंही नुकसान होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. गाडी खरोखरच मूळ रूपात होती. फक्त त्या एका खुणेनं बारा वर्षं पुसली जाणार होती, तिनं स्वतः पुसल्याची सही घेऊन. दुसऱ्याचं नाव लावायला ती तयार झाली नव्हती, आता तर कुणाचंच नाव नाही असं लिहून द्यायचं होतं.

तिनं होयवर खूण केली. एवढ्यानं भागेना, म्हणून कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहायला लागली. अर्जावर तेवढी जागा नव्हती, तरी अक्षर बारीक करून तिनं चौदाच्या चौदा कामं लिहिली. काय बदललं, का बदललं, किती वर्षं चाललं. शेवटी लिहिलं, 'सर्व काम मी स्वतः केले. विक्रीसाठी मीच काढले. कामात दोष नव्हता.' आणि वीजबिलावरचं नाव सहीत घातलं.

शोरूमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो कागद उचलणार तोवर डॉक्टरनं उचलला होता. डॉक्टरनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जणू एखाद्या पेशंटचा रिपोर्ट असावा तसा.

"पण हे सगळं आता काढलंय?"

"काढलंय."

"मग सांगितलंत कशाला? मला कधीच कळलं नसतं."

"विचारलंय म्हणून सांगितलं. आणि लपवायला मी काही चोरी केलेली नाही."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. बिचारा खरोखरच अवघडला होता. "तुमचा प्रामाणिकपणा मला पटतो. पण समजून घ्या. उद्या मी विकायला काढली, तर हा कागद मलाही दाखवावा लागेल. एकदा हात लागलेली गाडी म्हटलं, की..."

"डॉक्टर, तुम्ही रोज लोकांच्या तोंडात दात बसवता. त्या माणसांचा भाव उतरतो का हो?"

डॉक्टर हसला, अगदी मनापासून हसला. पण त्यानं किमतीतून जे काढायचं ते काढलंच. शोरूमवाल्यानं आपल्या वाट्याचं त्याच्यानंतर काढलं. गाडी गेली. ती कोपऱ्यावरून वळताना लेथवालीनं तिकडे पाठ केली होती.

"एका खुणेची केवढी किंमत मोजलीत, ताई," शोरूमवाला दारापर्यंत येऊन म्हणाला.

"खूण माझी होती. मला परवडली."

परवडली वगैरे काही नव्हती. नवा लेथ आता हाताबाहेर गेला होता. आईला तिनं हे सांगितलं तेव्हा आईनं खोल सीटमधून वर न उठता विचारलं, "मग जुना बघ की. तू तरी कुठे नवी आहेस?"

जुन्या मशिनींचं गोदाम गावाच्या कडेला होतं. उंच पत्र्याखाली शंभरेक मशिनी ग्रीस फासून उभ्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत चालणारा गोदामवाला, गळ्यात रुमाल, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यानं दाखवलेल्या पहिल्या लेथचा बेड तिच्या लेथपेक्षा झिजलेला होता. दुसऱ्याचा गिअरबॉक्स सुरू करताच बोंब मारायला लागला. तिसरा कोपऱ्यात होता. लेथवालीनं बेडवरून नख फिरवलं, गेज लावून सरकवलं. काटा हलला न हलल्यासारखा, म्हणजे झीज नाहीच. तिच्या छातीत धडधडायला लागलं, पण खरेदीला गेलेल्या माणसानं ते दाखवायचं नसतं.

"मशीन सोन्यासारखी आहे," गोदामवाला म्हणाला, आणि मग जरा ओशाळला. "फक्त कुणीतरी उपद्व्याप करून ठेवलेत हो तिच्यावर. हे बघा."

लेथवाली वाकली. मागच्या टोकाला फिरवायचं जे गोल चाक असतं, ते काढून तिथं लांब तरफ बसवली होती. तरफ मध्यभागी चपटी होती आणि घासून घासून आरशासारखी झाली होती, पण मुठीत धरायच्या जागेवर नाही. जिथं कोपरापुढचा हात टेकेल, तिथं. तिच्या कडा कानशीनं इतक्या मऊ केल्या होत्या, की पातळ बाहीसुद्धा अडकू नये. सगळे दांडे, सगळ्या मुठी डाव्या हाताला येतील अशा आणल्या होत्या. आणि बेडवर एक छोटासा खटका होता. जॉब कापत कापत हत्यार चकाजवळ आलं, की तो आपोआप सुटून फीड, म्हणजे हत्याराचं पुढे सरकणं, बंद करणारा, म्हणजे उजव्या हातानं घाईनं काही ओढायची वेळच येऊ नये.

"चालू करा," ती म्हणाली.

तिनं एक तुकडा लावला. लोखंडाची सालपटं एकसारखी, निळी होऊन सुटायला लागली. टोकाला खटका सुटला आणि हत्यार ठरल्या जागी थांबलं. माप बघितलं, दोन्हीकडे एक. लेथवालीनं आपला उजवा हात त्या तरफेवर कोपरापाशी टेकवून दाबला. उजव्या हाताला पकड नसलेला एक माणूस ह्या मशिनीवर कितीतरी वर्षं पूर्ण माणसाचं काम करत होता. त्याचं वय किती, तो कसा दिसायचा, काहीच माहीत नव्हतं, पण त्याचा हात तिला कळला. तिचे डोळे भरून आले.

"हे काढून मूळचं चाक लावता येईल," गोदामवाला घाईनं म्हणाला. "आणि त्यापायी मी किंमतही पाडलीय. हा बघा मूळ भाव, ही वजावट." वजावट बरीच होती. मशीन गल्लीपर्यंत आणून, पाया घालून, वायरिंग करून चालू करायचा खर्च नेमका त्या वजावटीतून निघत होता; मूळ भाव दिला तर तेवढेच पैसे तिला कमी पडणार होते.

"वजावट कशाबद्दल?"

"कंपनीचं नाही ना हे."

"कुणी केलंय?"

"आता काय सांगणार? कारखाना बंद पडला, मी सगळा लॉट उचलला."

"कारखान्यातलं कुणी ओळखीचं असेल. फोन लावा."

गोदामवाल्याला वाटलं बाई घासाघीस करतेय. "बरं, अजून थोडे सोडतो. तुमचं नाही, माझं नाही."

"सोडू नका. मला कमी नकोय. पूर्ण भाव देते, पण हे कुणी केलं त्याचं नाव पाहिजे."

इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे, मशिनीकडे, पुन्हा तिच्याकडे बघितलं. लेथवाली तोवर एका लाकडी खोक्यावर बसली होती, उठायची चिन्हं नव्हती. त्यानं फोन काढला. पहिल्यानं उचलला नाही. दुसऱ्यानं काखा वर केल्या. तिसरा कारखान्यात हजेरी घ्यायचा. त्याला नुसतं 'तरफ' म्हटल्याबरोबर तो जो बोलायला लागला, तो थांबेना. गोदामवाला मधूनमधून हो, हो म्हणत राहिला, आणि हळूहळू त्याचा आवाज उतरला.

"सापडलं नाव," फोन ठेवून तो म्हणाला. "जिवंत आहे अजून. मुलीकडे असतो."

"पावतीवर लिहा. मशिनीच्या नंबरखाली."

त्यानं पावतीपुस्तक काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि नाव लिहिलं. लेथवालीनं उठून ते वाचलं, एक अक्षर चुकलं वाटलं म्हणून पुन्हा विचारून घेतलं, दुरुस्त करायला लावलं. मशीन घरापर्यंत कशी न्यायची, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

"आता त्याच्यापुढे आकडा लिहा," ती म्हणाली. "काहीही वजा न करता."